हे चित्र कुणाचं?

सेवाग्राम आश्रमातल्या सर्वधर्म प्रार्थनेची सुरुवात एका जपानी बौद्ध मंत्रानं होते. 1933 साली निचिदात्सु फुजी हे भिक्षू वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. गांधीजी त्यांना गुरुजी म्हणू लागले. पुढे त्यांच्या पंथाचे भिक्षू आश्रमात राहिले आणि हातातला डफ वाजवत मंत्र म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात जपान उतरला तेव्हा इंग्रज सरकारनं आश्रमातल्या भिक्षूला पकडून नेलं. मंत्र मात्र प्रार्थनेत राहिला, तो आजतागायत. फुजी गुरुजींच्याच प्रेरणेनं वर्ध्यात गीताई मंदिराजवळ उभा राहिलेला विश्वशांती स्तूप 1993 साली खुला झाला.

वर्ध्याच्या कॉलेजांतल्या मुलामुलींकडे आज जपान येतो तो वेगळ्या वाटेनं, म्हणजे मोबाइलवरून. शुएइशा या जपानी प्रकाशन संस्थेनं जानेवारी 2019 मध्ये 'मांगा प्लस' हे मांगांचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, अ‍ॅप जगभरासाठी सुरू केलं. टोकियोत मांगाचं साप्ताहिक बाजारात येतं, त्याच सुमारास गाजलेल्या कथांचा नवा अध्याय आर्वीत किंवा हिंगणघाटात इंग्रजीतून वाचता येऊ लागला. यातले बहुतेक वाचक कथेसाठी येतात आणि कथा संपली की पुढच्या कथेकडे वळतात. काही थोडे जण मात्र एखाद्या पानावर अडकतात. पाऊस कसा काढलाय, घोड्याच्या मानेवरची एक रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक झालीय, हे पाहत बसतात. मग हे कुणी काढलं असं विचारतात आणि त्या चित्रकाराचं आणखी काय मिळेल ते शोधू लागतात. संग्राहक तयार होतो तो असा. मांगा चित्रकारांच्या चित्रसंग्रहांच्या डिजिटल आवृत्त्या जमवणं हा त्याचा छंद, आणि पुढची पानं त्याच छंदाविषयी आहेत.

चित्रसंग्रह मुळात वेगळा का काढावा लागतो, ते जपानी छपाईची रीत पाहिली की कळतं. मांगाचा चित्रकार सहसा बी-4 आकाराच्या, म्हणजे साधारण 36 बाय 26 सेंटिमीटरच्या कागदावर काढतो. साप्ताहिकात ते चित्र लहान होऊन येतं, आणि नंतर कथेचं पुस्तक निघतं तेव्हा तळहाताएवढ्या पानावर आणखी आक्रसतं. साप्ताहिकाचा कागद खरखरीत, स्वस्त, वाचून टाकून देण्याचा. त्यात मधूनच एखाद्या कथेला मानाची रंगीत पानं मिळतात. चित्रकार त्या पानांसाठी जलरंग, शाई, मार्कर घेऊन दिवस-रात्र एक करतो. पण पुस्तक निघताना तीच पानं बहुधा काळी-पांढरी करून छापतात, म्हणजे रंग त्या आठवड्याच्या रद्दीबरोबर गेले. ते परत मिळतात ते फक्त चित्रसंग्रहात. एइइचिरो ओदा यांच्या 'वन पीस'ची रंगीत चित्रं 'कलर वॉक' या मालिकेत 2001 पासून एकत्र येत गेली, त्यामागचं कारण हेच. अकिरा तोरियामा यांच्या 'ड्रॅगन बॉल'च्या रंगीत चित्रांचा मोठा संग्रह 1995 साली निघाला. तोरियामा 1 मार्च 2024 रोजी गेले, तेव्हा त्यांची रेघ पाहायला कित्येकांनी अशाच संग्रहांची पानं पुन्हा उघडली.

या संग्रहांत पहिलं नाव असतं चित्रकाराचं. कथेचं, मासिकाचं, प्रकाशकाचं नाव नंतर. जपानमध्ये ही सवय जुनी आहे. कात्सुशिका होकुसाई यांच्या रेखाटनांचा पहिला खंड 1814 साली नागोया शहरात निघाला. एकूण खंड 15. शेवटचा आला 1878 साली, होकुसाई जाऊन जवळजवळ तीन दशकं झाल्यावर. त्या खंडांना कथानक नाही. पोहणारी माणसं, कुस्तीगीर, भुतं, किडे, पूल, वाऱ्यानं उडालेल्या टोप्या, सगळं एका माणसाच्या हातून उतरलेलं, आणि लोकांनी विकत घेतलं ते त्या हातासाठी. मांगाचे चित्रकार ओसामू तेझुका (1928-1989) यांचं समग्र साहित्य कोदान्शा प्रकाशनानं 400 खंडांत काढलं. विदर्भातल्या वाचकाला त्यातलं जवळचं वाटावं ते 'बुद्ध'. 1972 ते 1983 या काळात तेझुकांनी गौतमाची गोष्ट चित्रांत मांडली आणि तिची इंग्रजी आवृत्ती आठ खंडांत आली. जिथून दीक्षाभूमी तासा-दोन तासांवर आहे, त्या वर्ध्यात ही मालिका वाचणाऱ्याला त्यातले राजवाडे, वडाची झाडं आणि तहानलेली माणसं परकी वाटत नाहीत.

डिजिटल आवृत्ती चित्र पाहणाऱ्यासाठी वरदान आहे. वर्ध्यात बसून जपानी चित्रसंग्रह मागवायचा, तर पुस्तकाच्या किमतीवर टपालाचा आणि जकातीचा खर्च चढतो. फाइल लगेच येते. शिवाय पडद्यावर चित्र मोठं करता येतं, ब्रशचा केस कुठे फाटलाय तेही दिसतं. मात्र तीन गोष्टींत ती फसवते, आणि नव्या संग्राहकानं त्या आधी समजून घ्याव्यात.

पहिली, जोडपानाची. मांगात दोन समोरासमोरच्या पानांवर मिळून एकच चित्र काढायची पद्धत आहे आणि वाचन उजवीकडून डावीकडे चालतं. फाइल पान-पान सुटी करून बनवली असेल, तर घोडेस्वाराचं डोकं एका पडद्यावर आणि घोडा दुसऱ्यावर येतो. पुस्तक स्कॅन केलं असेल, तर मधल्या शिवणीत चित्राचा एखादा बोटभर भाग गडप झालेला असतो. चांगल्या डिजिटल आवृत्तीत जोडपान मूळ चित्रावरून सलग दिलेलं असतं. विकत घेण्याआधी नमुना पानं उघडून हे पाहता येतं.

दुसरी, ठिपक्यांची. काळ्या-पांढऱ्या मांगात करडा रंग हा रंग नसतोच. चित्रकार बारीक ठिपके छापलेली चिकटपट्टी कापून लावतो, किंवा आता संगणकावर तेच करतो. असं पान मोबाइलवर लहान केलं, की दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यावर दिसतात तशा लाटा चेहऱ्यावर उमटतात. दोष चित्रकाराचा नसतो, फाइलचा असतो. एखाद्याला तोच चेहरा मूळ आकारात दाखवला, की गालावरची सावली किती हलकी आहे ते पाहून तो चकित होतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत गंभीर. 'विकत घ्या' या बटणावर बोट ठेवून जे मिळतं ते बहुतेक वेळा पुस्तक नसतंच. दुकान चालू आहे तोवर पाहण्याची परवानगी असते. जपानी प्रकाशकांनी एकत्र येऊन परदेशी वाचकांसाठी 2011 साली 'जेमांगा' हे संकेतस्थळ काढलं होतं. 30 मे 2013 रोजी ते बंद झालं आणि पैसे मोजून घेतलेली पुस्तकंही वाचकांच्या हातून गेली. अ‍ॅमेझॉननं 2009 साली काही ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं परस्पर काढून घेतली होती. पुसल्या गेलेल्या पुस्तकांत '1984' होतं. म्हणून जाणता संग्राहक शक्यतो अशा ठिकाणाहून घेतो, जिथे फाइल उतरवून स्वतःकडे ठेवता येते. पिक्सिव्ह या जपानी चित्रकारांच्या मोठ्या संकेतस्थळाचा 'बूथ' नावाचा बाजार आहे. तिथे अनेक चित्रकार आपले लहानमोठे चित्रसंग्रह पीडीएफ किंवा झिप फाइलच्या रूपात थेट विकतात. पैसे चित्रकाराला पोचतात आणि फाइल घेणाऱ्याकडे राहते. दोघांच्याही दृष्टीनं हा व्यवहार चोख आहे.

चोरीच्या संकेतस्थळांचा मोह इथे नावासकट नाकारला पाहिजे. 'मांगामुरा' या संकेतस्थळानं हजारो पुस्तकं फुकट वाटली. 2018 साली ते बंद पडलं, आणि 2021 मध्ये ते चालवणाऱ्याला फुकुओकाच्या न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली. चोरीच्या प्रतीत चित्रकाराचं नाव अनेकदा पुसलेलं असतं आणि चित्र दाबून दाबून पातळ केलेलं असतं. ज्याला चित्रावर प्रेम आहे, त्याला ती प्रत डोळ्यांनीही सहन होऊ नये.

मग कायद्यानं मोकळं काय आहे? भरपूर आहे. होकुसाईचे खंड तर आहेतच. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं फेब्रुवारी 2017 मध्ये आपल्याकडच्या, कॉपीराइट संपलेल्या कलाकृतींची तीन लाख 75 हजार छायाचित्रं सर्वांना खुली केली. भारतीय कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, जपानमध्ये डिसेंबर 2018 पासून 70 वर्षं. हे दोन आकडे प्रत्येक संग्राहकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत. कारण त्यांच्या आधारानंच मांगातून लागलेली गोडी घराकडे वळवता येते, आणि या प्रस्तावनेचा सगळा आग्रह त्या वळण्यासाठी आहे.

महादेव विश्वनाथ धुरंधर 1944 साली गेले. म्हणजे 2005 पासून त्यांची चित्रं सर्वांची झाली. कोल्हापुरात वाढलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या-शिकवलेल्या या चित्रकारानं तैलचित्रं काढली, जाहिराती काढल्या, पोस्टकार्डं काढली आणि पुस्तकंही सजवली. सी. ए. किंकेड यांचं 'डेक्कन नर्सरी टेल्स' 1914 साली लंडनच्या मॅकमिलननं काढलं. पुस्तक इंग्रजी, पण आतल्या गोष्टी श्रावणातल्या कहाण्या: आदितवारची, सोमवारची, नागोबाची. विदर्भातल्या घराघरांत हातात अक्षता घेऊन बायका ज्या ऐकतात, त्याच. धुरंधरांची चित्रं या पुस्तकात आहेत आणि ते प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं. ओटो रॉथफेल्ड यांच्या 'विमेन ऑफ इंडिया'त (1920) त्यांची रंगीत चित्रं आहेत: निऱ्यांचा भार, नाकातली नथ, घागर कमरेवर कशी टेकते, सगळं नेमकं. तेही इंटरनेट आर्काइव्हवर आहे. धुरंधरांचा एक संग्रह एका संध्याकाळी, एक पैसा न देता, पूर्ण कायदेशीरपणे सुरू करता येतो. आजवर मराठीत किती जणांनी तो केला असेल?

चित्रकार नंदलाल बोस यांचं वर्ध्याशी नातं गांधीजींमुळे. गांधीजींनी त्यांना लखनौ आणि फैजपूर (1936) या काँग्रेस अधिवेशनांची सजावट सांगितली. फैजपूर आपल्या जळगाव जिल्ह्यातलं. मग फेब्रुवारी 1938 मध्ये गुजरातेत हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदलाल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे 400 फलकचित्रं केली. सुतार, ढोल वाजवणारा, धान कांडणाऱ्या बाया, नांगर धरलेला शेतकरी. मातीचे रंग, हातकागद, जाड झोकदार रेघ, कमानीच्या चौकटीत बसवलेली एकच आकृती. मांगा पाहणाऱ्याचा डोळा तयार झाला असेल, तर या रेघेत त्याला ओळखीचं काही सापडेल. नंदलालांनी जपानी चित्रकलेचा अभ्यास केला होता आणि 1924 साली रवींद्रनाथांबरोबर ते चीन-जपानला जाऊन आले होते. त्यांनीच 1930 साली रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या बंगाली बालपाठ्यपुस्तकासाठी लिनोकट कोरले. 16 एप्रिल 1966 रोजी ते गेले. म्हणजे 1 जानेवारी 2027 रोजी त्यांच्या चित्रांवरचा हक्क संपतो.

नंदलालांच्या देखरेखीखाली सजलेलं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक म्हणजे भारताचं संविधान. इंग्रजी हस्तलिखित प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या अक्षरात, हिंदी वसंत कृष्ण वैद्य यांच्या. डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागानं त्याच्या मोजक्या प्रती छापल्या, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून ते पानन् पान पडद्यावर पाहता येतं. उद्देशिकेचं पान उघडून वेलबुट्टीची चौकट मोठी करत खालच्या कोपऱ्याशी यावं. तिथे 'राम' अशी अगदी लहान सही दिसते. ही जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिंहा यांची. उद्देशिकेची ही चौकट शाळांच्या भिंतीवर, सरकारी कचेऱ्यांत, वह्यांच्या मलपृष्ठावर रोज छापली जाते, पण सहीकडे कुणाचं लक्ष जात नाही. सिंहमुद्रा काढणाऱ्यांत होते दीनानाथ भार्गव, बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईचे. वर्धा नदी ज्या परिसरात उगम पावते तिथले. वर्ध्याच्या किती वर्गांत हे नाव सांगितलं जातं?

इथेच आपलं उणं दिसतं. मराठीत चित्रं कमी नव्हती, चित्रकार कमी नव्हते. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून दर दिवाळीला मराठी घरांत चित्रं आली. मडगावचे दीनानाथ दलाल यांनी 1945 साली 'दीपावली' सुरू केला. रघुवीर मुळगांवकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं केली, 'रत्नप्रभा' काढला, आणि त्यांच्या देवादिकांची चित्रं कॅलेंडरांवरून घरोघरी लागली. शि. द. फडणीस यांनी 1952 साली 'मोहिनी'च्या दिवाळी अंकावर एक शब्द न लिहिता एक गोष्ट सांगितली: उभी तरुणी, तिच्या साडीवर मांजरं, शेजारचा तरुण, त्याच्या शर्टावर उंदीर. खाली ओळ नाही, संवाद नाही. पाहणारा एकदा साडी पाहतो, मग शर्ट, मग पुन्हा साडी, आणि हसतो. मुखपृष्ठावर हास्यचित्र चालतं हे त्या चित्रानं मराठी प्रकाशकांना पटवून दिलं.

हे सगळं कुठे आहे? अंक रद्दीत गेले. जे ग्रंथालयांत उरले त्यांची मुखपृष्ठं बांधणी करताना अनेकदा फाडून टाकली गेली, कारण बांधणी करणाऱ्याला मजकूर जपायचा होता. या शतकाच्या सुरुवातीला जुनी पुस्तकं स्कॅन करण्याचे मोठे सरकारी प्रकल्प झाले, त्यांतही अनेक पानं केवळ काळं आणि पांढरं अशा दोन टोकांत घेतली. अक्षरं वाचता येतात, पण दलालांच्या जलरंगाचा होतो काळा डाग. सूचीत लेखकाचं नाव असतं, संपादकाचं असतं, प्रकाशकाचं असतं. चित्रकाराचा रकानाच नसतो. 'चांदोबा'ची गोष्ट तर घरोघरची. 1952 पासून मराठीत येऊ लागलेल्या या मासिकात विक्रमाच्या खांद्यावर वेताळ बसवला तो 'शंकर' या सहीच्या के. सी. शिवशंकरन यांनी. ते 29 सप्टेंबर 2020 रोजी 96 व्या वर्षी गेले. प्रत्येकाला ते चित्र आठवतं. नाव फार थोड्यांना माहीत आहे. जुने अंक काही वर्षं मासिकाच्या अधिकृत संकेतस्थळावर होते, मग तेही बंद पडलं. वाचकांनी उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे ते अंक आज पाहायला तरी मिळतात. 'अमर चित्र कथा'तले राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम हे मराठी चित्रकार. त्यांची पुस्तकं अ‍ॅपवर मिळतात, पण तीही देव-राजांच्या नावांनी लावलेली. केवळ प्रताप मुळीक यांची म्हणून एकत्र पाहायची, तर ती यादी संग्राहकालाच करावी लागते.

जपानी चित्रसंग्रहांकडून शिकायचं ते हेच: फाइलला पहिलं नाव चित्रकाराचं द्यावं. 'दलाल, दीपावली, मुखपृष्ठ, अमुक साल' एवढं नाव पुरतं. त्यासोबत एका साध्या तक्त्यात प्रत कुठून मिळाली, कुणी स्कॅन केली, हक्क कधी संपतो हे लिहावं. दलाल 1971 साली गेले, म्हणून 2032 पासून ते मोकळे. मुळगांवकर 1976 साली गेले, म्हणून 2037 पासून. तोवर घरातल्या अंकाची स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत करायला कायद्याची आडकाठी नाही, ती जाहीर वाटणं किंवा विकणं मात्र चुकीचं. चित्र रंगीत आणि किमान 600 डीपीआयनं घ्यावं, न दाबलेल्या स्वरूपात ठेवावं, आणि दोन ठिकाणी ठेवावं, कारण एक हार्ड डिस्क कधी ना कधी मरतेच.

आणि ग्रंथालयांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. 2012 साली दुरुस्त झालेल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत असेल, तर जतनासाठी ते तिची डिजिटल प्रत साठवू शकतं. वर्धा, सेलू, देवळी, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर: जिल्ह्याच्या या आठ तालुक्यांत जिथे जिथे सार्वजनिक ग्रंथालय आहे आणि कपाटात जुने दिवाळी अंक आहेत, तिथे हे काम आज सुरू करता येतं. एक स्कॅनर, एक संगणक, आणि मांगा पाहून डोळा तयार झालेली दोन-तीन मुलं एवढं बस आहे.

त्यांनी सुरुवात अनुक्रमणिकेपासून करावी. जुन्या अंकांत अनुक्रमणिकेच्या तळाशी, बारीक टायपात, 'मुखपृष्ठ' आणि 'सजावट' यांच्यापुढे नावं छापलेली असतात. तिथे नाव नसेल तर चित्राचा कोपरा पाहावा, सही असतेच असं नाही, पण असते तेव्हा ती भिंगाखाली लागते. नाव सापडलं नाही तर रकान्यात 'अज्ञात' लिहून चित्र तरीही जपावं. पुढे दुसऱ्या अंकात तीच रेघ सहीसकट भेटू शकते.